ट्रायथलॉन, तीनबत्तीमार्गे

पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायला हौशी मंडळी हजारो रुपये भरतात. आयर्नमॅन ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहा, ९० किलोमीटर सायकल हाणा, वर २१.१ किलोमीटर धावा. एखाद्या स्पर्धेत पाणी संपलेलं, वळणावर स्वयंसेवक नाही, केळी कच्ची. मग स्पर्धक पदकाआधी तक्रारीच दाखवतो.

अशांनी पावसाळ्यात भिवंडीला यावं. कामवारी नदीला पूर आला की पोहण्याचा टप्पा तीनबत्ती बाजारात, थेट दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेन नदीचं पाणी खराब म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलली. आमच्याकडे असली चैन नाही. पाणी तपासत बसलं तर यंत्रमागावरची पाळी बुडते.

सायकलचा टप्पा अंजूरफाटा ते माणकोली. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत पुढच्या सायकलच्या आडोशाने जाणं नियमबाह्य असतं; इथे पुढे, मागे आणि बाजूला कंटेनरच असतो, दंड कोणाला करणार? धावणं कुठून सुरू करायचं ते कोंडी ठरवते. रिक्षा अडली की उतरायचं आणि गोदामाच्या फाटकापर्यंत पळायचं. वेळनोंद मात्र चोख : हजेरीच्या यंत्रात बोट उशिरा पडलं की अर्धा खाडा.

दिशादर्शक फलकही भरपूर आहेत, फक्त त्यांवर भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. नोंदणी शुल्क काहीच नाही. मालमत्ता कर तेवढा वेळेवर भरायचा.