खातरजमावाले नाना

खातरजमावाले नाना महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात, पण अस्सल नमुना पाहायचा तर नाशिकरोडहून एकलहऱ्याची वाट धरावी. तिथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० साली सुरू झाला. आज २१० मेगावॅटचे तीन संच उरले आहेत आणि ६६० मेगावॅटचा नवा संच कित्येक वर्षे घोषणेच्या अवस्थेत आहे. ‘नवीन येतंय’ हे ऐकून नानांच्या चेहऱ्यावरची रेषाही का हलत नाही, याचे निम्मे उत्तर त्या घोषणेत आहे. उरलेले निम्मे २०१४ साली बुडालेल्या नाशिकच्या केबीसी कंपनीत. भरमसाट परताव्याच्या आशेने हजारोंनी तिच्यात पैसे घातले. नानांनी घातले नाहीत, कारण त्यांनी एजंटाकडे ताळेबंद मागितला आणि एजंट पुन्हा फिरकला नाही.

नाना बहुधा वीज केंद्रातून निवृत्त झालेले ऑपरेटर असतात. सामनगाव रोडला घर, खिशाला बॉलपेन, आणि सिलिंडर आले की स्वतःच्या ताणकाट्यावर त्याचे वजन. सिलिंडर घेऊन येणारा पोरगाही आता त्यांच्या दारात न सांगता थांबतो.

व्हीपीएन त्यांच्या आयुष्यात पुतण्यामार्फत येतो. पुतण्या इंजिनिअरिंगला असतो. कुण्या यूट्यूबरने सांगितलेला नवाकोरा व्हीपीएन त्याला एकदम भारी वाटतो, आणि त्यावरची सूट आज रात्री बारापर्यंतच असते.

‘नाना, टाकू का तुमच्या मोबाइलमध्ये?’

‘कंपनी कुणाची?’

‘ते नाही माहीत. पण लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन आहे.’

‘कुठल्या लष्कराचं? देवळालीच्या तोफखान्यात विचारलंस का?’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जाहिरातीतला हा ‘लष्करी दर्जा’ म्हणजे बहुतेक वेळा एईएस-२५६ ही पद्धत असते. ती उत्तम आहेच, पण बँकांच्या संकेतस्थळांपासून मेसेजिंग ॲपपर्यंत सगळीकडे तीच किंवा तिच्या तोडीची पद्धत चालते. त्यामुळे या शब्दांवरून कंपनीबद्दल काहीच कळत नाही. कुलूप मजबूत आहे. किल्ली कुणाकडे, हे विचारायचे राहते.

व्हीपीएनचे काम मुळात सोपे आहे. मोबाइलपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंतची सगळी ये-जा तो गुप्त करतो. मधला इंटरनेटवाला किंवा स्टेशनवरच्या फुकट वायफायचा चालक यांना त्या सर्व्हरशी काहीतरी बोलणे चालू आहे, एवढेच दिसते. पुढच्या संकेतस्थळाला पत्ता दिसतो तो सर्व्हरचा. पण इंटरनेटवाल्याला जे दिसत होते, म्हणजे कोण कधी कुठल्या संकेतस्थळावर गेले, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. पासवर्ड आणि मजकूर एचटीटीपीएसमुळे बहुतेक ठिकाणी आधीच झाकलेला असतो. नाना हे सगळे ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘म्हणजे आधी मोबाइल कंपनीला दिसायचं ते आता ह्या बाबाला दिसणार. मोबाइलवाल्याचं दुकान निदान नाशिकरोडला आहे.’

मग ‘ह्या बाबा’चा शोध सुरू होतो. पत्ता ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचा किंवा पनामाचा निघतो. चांगल्या, नावाजलेल्या कंपन्याही तिथे नोंदलेल्या आहेत, तेव्हा एवढ्यावरून फुली मारता येत नाही. ‘आमच्याविषयी’ या पानावर हसऱ्या माणसांचे फोटो असतात आणि नाव एकाचेही नसते. इथे मात्र नाना फुली मारतात. फुकट असेल तर दोन. त्यामागे इतिहास आहे. ओनावो नावाचा फुकट व्हीपीएन फेसबुकने २०१३ साली विकत घेतला आणि लोक कोणती ॲप किती वापरतात, हे त्यातून पाहिले. २०१८ साली तो ॲपलच्या दुकानातून काढावा लागला. होला या फुकट सेवेने ग्राहकांच्याच जोडण्या भाड्याने दिल्याचे २०१५ साली उघड झाले. पुढच्या वर्षी संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली, तेव्हा १८ टक्के ॲप काहीच गुप्त करत नव्हती आणि ३८ टक्क्यांत घातक कोडाच्या खुणा सापडल्या. पुतण्याला हे आकडे ऐकवताना नानांना होणारा आनंद लपत नाही.

नोंदींच्या मुद्द्यावर मात्र नाना खरोखर अडतात. कंट्रोल रूममध्ये त्यांनी उभी हयात तासातासाला वाफेचा दाब, तापमान आणि लोड लिहिले. संच ट्रिप झाला की साहेब आधी लॉगबुक मागवायचे, आणि ज्याच्या पानावर खाडाखोड त्याची खैर नसायची. अशा माणसाला एक कंपनी छाती फुगवून सांगते की आम्ही काहीही लिहून ठेवत नाही! ‘मग गडबड झाली तर बघायचं कशात?’ पुतण्या म्हणतो, तेच तर चांगलं. नानांना हे पटायला दोन दिवस लागतात आणि पटल्यावरही आवडत नाही.

सरकारचे मतही नानांच्या बाजूचे. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी आणि सेवा घेण्याचे कारण किमान पाच वर्षे जपून ठेवायला सांगितले. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून सूट मिळाली. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी मात्र आपले सर्व्हर भारतातून उचलले. काहींच्या यादीत आजही भारताचा झेंडा दिसतो. यंत्र सिंगापुरात असते. त्यामुळे ‘आमचे सर्व्हर भारतात आहेत’ आणि ‘आम्ही शून्य नोंदी ठेवतो’ अशी दोन्ही वाक्ये एखादी नवी कंपनी एका दमात बोलू लागली, तर दोहोंपैकी एकाचा खुलासा मागणे भाग आहे. नाना ईमेलने मागतातही. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर येते.

न लिहिलेल्या गोष्टीचा पुरावा तरी काय देणार? तो मिळतो तेव्हा बहुधा पोलिसांमुळे मिळतो. स्वीडनच्या मुलव्हाड या व्हीपीएन कंपनीच्या कचेरीत एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन गेले आणि ग्राहकांची काहीच माहिती न मिळाल्याने हात हलवत परतले. उलट, नोंदी ठेवत नाही म्हणणाऱ्या प्युअरव्हीपीएनच्या नोंदी २०१७ साली एफबीआयच्या तपासात उपयोगी पडल्या. हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएनच्या, तिच्या म्हणण्याप्रमाणे नसलेल्या, नोंदी २०२० साली इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या. नव्या कंपनीच्या दारात अजून कुणी वॉरंट नेलेले नसते. तिची पाटी कोरी दिसते ती परीक्षाच न झाल्यामुळे, आणि पुतण्या नेमक्या त्या कोऱ्या पाटीवर भाळलेला असतो.

यावर कंपन्या बाहेरच्या तपासनिसाचा अहवाल पुढे करतात. पद्धत चांगली आहे. निदान अहवाल कुणाचा, कधीचा आणि कशाचा, हे वाचता येते. कधी कधी तपासलेले असते फक्त ब्राउझरचे एक्स्टेन्शन, आणि जाहिरात होते सगळ्या सेवेची. नानांना तपासणीचा अनुभव दांडगा. बॉयलरला मुदतीने प्रमाणपत्र लागते आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात रेलिंगला रंग लागतो, हे त्यांनी पाहिलेले असते. म्हणून एका अहवालाने ते पाघळत नाहीत. दुसरा कधी, एवढेच विचारतात. ॲपचा कोड खुला असेल तर पुतण्याला तो वाचायला बसवतात. वायरगार्ड या खुल्या व्हीपीएन पद्धतीचा गाभा जेमतेम चार हजार ओळींचा, असे पुतण्यानेच कधीतरी फुशारकीने सांगितलेले असते.

शेवटी पैसे. ‘एकदाच भरा, आयुष्यभर वापरा’ या योजनेवर नानांचा एकच प्रश्न: आयुष्य कुणाचे, माझे की कंपनीचे? व्हीपीएनसिक्युअर ही सेवा नव्या मालकाकडे गेली आणि २०२५ साली आजीवन ग्राहकांची खाती बंद झाली. अशा सौद्यांची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे नव्या मालकाचे म्हणणे होते. नाना हे वाचून पुतण्याला चहा पाजतात.

निर्णय साधारण सूट संपून दुसरी, तेवढीच ‘शेवटची’ सूट सुरू झाल्यावर होतो. एक महिन्याची वर्गणी, आपोआप नूतनीकरण बंद, जोडणी तुटली तर इंटरनेटच थांबवणारे किल स्विच चालू. ट्रिपचे बटण दिल्याबद्दल कंपनीला पहिला गुण मिळतो. बँकेचे ॲप उघडताना व्हीपीएन बंद करायचा, कारण परदेशातला पत्ता पाहून बँक नानांवरच संशय घेते. स्टेशनच्या वायफायवर चालू ठेवायचा. आणि प्रत्येक वापर दोनशे पानी वहीत उतरवायचा: तारीख, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, देश, वेग, काय पाहिले, शेरा. वही टीव्हीखालच्या फडताळात असते आणि वीजबिल शोधायला आलेला घरातला कुणीही ती चाळतो.