लागली!

आयुष्यभर मुद्रितं तपासल्यामुळे निवृत्तीनंतरही लोकांचं बोलणं मला कच्च्या प्रुफासारखंच ऐकू येतं. १५ ऑक्टोबर २०२४ ला दुपारी विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या आणि संध्याकाळी कट्ट्यावर कोणीतरी म्हणालं, "चला, आचारसंहिता लागली."

"लागतं ते ग्रहण," मी म्हणालो. "सुतक, दृष्ट, उचकी. आचारसंहिता लागू होते!"

मग सुरूच झालो. हिचा उगम १९६० च्या केरळच्या निवडणुकीतला, हा काही संसदेनं केलेला कायदा नव्हे, तारखा जाहीर झाल्या की अंमल सुरू, तो थेट निकालापर्यंत. आणि पाणिनीच्या लेखी 'संहिता' म्हणजे वर्णांची अगदी खेटून जवळीक. पाणिनी येईतो श्रोता एकच उरला होता, तोही चपला शोधत होता.

खरं तर लोकांचं काय चुकतं? साध्या दाखल्यासाठी गेलं तरी खिडकीतून "आचारसंहिता आहे, २३ तारखेनंतर या" असं ऐकू येतं. ग्रहणात देवळाचं दार ओढून घ्यावं तशा कोनशिला कागदानं झाकतात. पण हे कबूल केलं तर मी मी कसला!

नोव्हेंबरात भाचीच्या लग्नाच्या आचाऱ्याला इसार द्यायला ६०,००० रुपये घेऊन निघालो. नाक्यावर स्थिर सर्वेक्षण पथक. ५०,००० च्या वर रोकड असली तर कागद जवळ हवेत, हे कट्ट्याला मीच बजावलं होतं. बँकेची पावती घरी, फ्रीजवर.

"पैसे कशाचे, काका?"

"आचाऱ्याचे."

"आचारसंहितेत?"

"तिचा आचाऱ्याशी संबंध नाही हो. आचार म्हणजे..."

मी व्युत्पत्ती सांगत होतो, ते नोटा मोजत होते. माझ्या प्रत्येक धातूगणिक त्यांची मोजणी चुकायची आणि पुन्हा एकपासून सुरू व्हायची. अखेर त्यांनी मला बाजूच्या बाकड्यावर बसवलं. बाकडं दोघांचं, बसलो चौघं. पाणिनी म्हणतो ती संहिता हीच असावी.

पावतीचा फोटो मागवायला बायकोला फोन लावला. रेंज तुटत होती.

"अगं, लागली!" मी ओरडलो. "मला लागली!"

"अगोबाई! कुठं लागलं? रक्त येतंय का?"