आठवा गडी

कबड्डीत मैदानात सात उतरतात, बाहेर पाच बसतात. सावदा, फैजपूर, रावेर पट्ट्यातल्या रात्रीच्या सामन्यांत त्या पाचांना बाक मिळेलच असं नाही. चुन्याच्या रेषेबाहेर उकिडवं बसायचं. त्यातले चार कोवळे, सारखे गुडघे हलवणारे, कधी एकदा आत घेतात म्हणून कप्तानाच्या तोंडाकडे बघणारे. पाचवा आप्पा. आप्पा हे नाव नव्हे, हुद्दा आहे. खानदेशातल्या बहुतेक संघांत तो भरलेला असतो. वय कोणी विचारत नाही. एके काळी डाव्या कोपऱ्यावर उभा राहायचा, आता गुडघ्याला पट्टी बांधून बसतो, आणि नवख्या प्रेक्षकाला वाटतं की हा पाण्याच्या बाटल्या सांभाळायला आला असावा.

मला मात्र संघाची यादी हातात आली की आधी तोच गडी शोधायची खोड आहे.

पकड म्हणजे झेप, असं लोकांना वाटतं. खरं तर पकडीतला मोठा भाग न झेपावण्याचा असतो. चढाईला आलेला गडी पाय पुढे करतो, मागे घेतो, पुन्हा करतो. कोपऱ्यावरच्या पोराने घोट्यावर उडी टाकावी म्हणूनच तो आमिष दाखवत असतो. पोरगं उडी टाकतं, हात लागतो, पाय सुटतो, गुण गेला. तेच पोरगं जागेवर राहिलं असतं तर तीस सेकंदांत त्या पाहुण्याला रिकाम्या हाताने परतावं लागलं असतं. अशा दोन चढाया रिकाम्या गेल्या की व्यावसायिक कबड्डीत तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. म्हणजे काहीही न करण्याला इथे रोख किंमत आहे. फक्त ती गुणफलकावर कुठे लिहीत नाहीत.

आप्पाचं काम हे. दिवसा तो केळीच्या बागेत कापणीवर असतो. दिल्लीच्या गाडीसाठी घड पाऊणएक भरला की उतरवायचा. घाई केली तर वजन जातं, उशीर केला तर वाटेतच पिकतो. तीच नजर तो रात्री मैदानावर लावतो. बाहेरून त्याचा आवाज येतो, ‘येऊ दे त्याले... येऊ दे... आता!’ आणि साखळी बंद होते. हे तो फक्त बचावाच्या वेळी करतो. आपल्या चढाईपटूला सूचना दिली तर समोरच्यांना गुण जातो, हा नियम त्याला पाठ आहे. आमच्या वेळी हा नियम कसा मोडला जायचा, हेही.

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे ज्यात पायाचा संबंध जेमतेम येतो त्या खेळात, बचावाच्या आघाडीवर सव्वाशे-दीडशे किलोचे गडी दर डावाला एकमेकांवर आदळतात. संघ त्रेपन्न जणांचा, मैदानात अकरा, बदल्या हव्या तेवढ्या. त्यामुळे पस्तिशीतला जुना गडी थोडा वेळच खेळतो, पण त्या वेळात पहिल्या फळीतले श्वास घेतात. भाच्याला त्याचं फार अप्रूप. मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे सामन्यात बदल्या पाच, त्यातही बाद झालेल्याच्या जागी राखीव गडी घुसवता येत नाही. तरी आम्ही आप्पाला बाळगतो. आता बोल.

अर्थात सगळेच आप्पा बाहेर बसत नाहीत. तमिळनाडूचा धर्मराज चेरलाथन 1975 चा. 2016 मध्ये त्याच्या कप्तानीत पाटण्याने प्रो कबड्डी जिंकली, त्याच वर्षी अहमदाबादला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता, आणि 2019 मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी हरयाणाचा कप्तान. बाकीचे खेळाडू त्याला अण्णा म्हणायचे. आपल्याकडे आप्पा, तिकडे अण्णा. कोपऱ्यावर नात्याचीच माणसं लागतात म्हणायची.

आमच्या आप्पाची खरी लढत मात्र वजनकाट्याशी. गट पासष्ट किलोचा. वजनाच्या दिवशी तो सकाळपासून पाण्यालाही शिवत नाही, उन्हात स्वेटर घालून बांधावर पळतो. आदल्या रात्री वरण-बट्टीवर तुपाची धार कोणी धरली होती, हे घरात विचारायचं नाही.

आणि मग शेवटची तीन मिनिटं. एका गुणाची आघाडी, कप्तान हात वर करून वेळ मागतो, आप्पा आत येतो. समोरचा चढाईपटू त्याला ओळखतो. गेल्या वर्षी याच हातांनी आपला घोटा धरला होता हे त्याच्या घोट्याला आठवतं, म्हणून तो डावा कोपरा सोडून उजवीकडे वळतो. उजवीकडे एकोणीस वर्षांचं पोरगं उभं असतं. ते मांडी धरतं, बाकीचे तुटून पडतात, संपलं. आप्पाने या साऱ्यात कोणालाही हात लावलेला नसतो.

लाऊडस्पीकरवर पोराचं नाव पुकारलं जातं. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस म्हणून टेबलपंखा मिळतो, फोटो निघतात. आप्पा त्या वेळी आयोजकांच्या टेबलापाशी असतो. पुढच्या वर्षी पासष्टचा गट सत्तरचा करता येईल का, पोरांची तब्येत हल्ली सुधारली आहे, असं तो त्यांना फार गंभीरपणे पटवत असतो.