बैलगाडी आठ, बाई शून्य

आदरणीय पीसीयूराव,

किनवटहून साष्टांग दंडवत. आज आठवडी बाजार, रस्त्यावर आडवं पडायला जागा नाही; कागदावरच मानून घ्या.

तुमचं पूर्ण नाव पॅसेंजर कार युनिट. रस्त्यावरच्या यच्चयावत वस्तूंना मोटारीच्या मापाने तोलणं हा तुमचा धंदा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या ग्रामीण रस्त्यांच्या तक्त्यातला तुमचा हिशेब वाचला. मोटार एक, मोटारसायकल अर्धी, बस तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी आठ! (लहान असली तर सहा. घासाघीस तुम्हालाही जमते.) आमच्या बैलांना एवढा भाव पोळ्यालासुद्धा मिळाला नव्हता. मागून कळलं, हा भाव नव्हे, अडचणीचं माप आहे. एसटीत पन्नास माणसं कोंबलेली असोत की कंडक्टर एकटाच पेंगत असो, अडचण तीन मोटारींचीच. आणि आदिवासींच्या गुड्यावरून डोक्यावर टोपली घेऊन चालत आलेली बाई? तिला तक्त्यात ओळच नाही.

मग तुम्ही रस्त्याला 'ए' ते 'एफ' गुण देता. १९६५ च्या अमेरिकन पुस्तिकेतली ही परीक्षा. मोटार किती मोकळी पळते, एवढाच पेपर. बाजार भरला की आमचा रस्ता नापास. मध्यरात्री, कुत्र्याखेरीज कुणी नसताना, पहिला नंबर! नापासावर औषधही ठरलेलं: रुंदीकरण. भाजीवाली उठवा, लिंब तोडा, पुन्हा गाड्या मोजा.

त्या परीक्षेच्या माहेरीच आता कुरकुर आहे, बरं का. कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा केला. १ जुलै २०२० पासून तिथे नव्या प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम जोखताना मोटारीचा खोळंबा धरत नाहीत. त्या प्रकल्पापायी लोकांना किती मैल गाडी हाकावी लागेल, ते धरतात. आपल्याकडेही केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या २०१७ च्या पुस्तिकेत पायी चालणाऱ्यांना स्वतंत्र प्रकरण मिळालं. प्रकरण मिळालं, फूटपाथचं बघू सावकाश.

तुम्ही एकदा याच. नांदेडहून आदिलाबादची गाडी धरा, किनवटला उतरा आणि बाजारापर्यंत पायी चला. मोटार आणू नका. पोचलात की तक्ता उघडून स्वतःची किंमत शोधा. सापडली तर आम्हालाही कळवा.

आपला नम्र,
शून्य पीसीयू, किनवट