शिकवणी लावायची का?

हा प्रश्न आपल्याकडे घरात नव्हे, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सुटतो. 'चिरंजीवांना कुठला क्लास लावलाय?' असं चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, की तळमजला येईपर्यंत निर्णय झालेला असतो. मुलगा दुसरीत आहे, त्याला पाढे येतात, हे सगळं गौण.

कायदा मात्र बिचारा भाबडा. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या कलम २८नं शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला मनाई केली. २०२४मध्ये केंद्रानं सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये घेऊ नका, अशी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. फक्त पन्नासपर्यंतच मुलं असली, तर त्या तत्त्वांच्या लेखी तो कोचिंग क्लासच नव्हे! त्यामुळे बाईंच्या हॉलमध्ये सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली पोरं कायद्याला दिसत नाहीत. त्यांच्या चपलांचा ढीग तेवढा जिन्यात दिसतो.

शाळा वहीत शेरा मारते, 'घरी लक्ष द्यावे.' घरचे लक्ष देतात, म्हणजे क्लासची फी भरतात. महिन्याभरानं क्लासवाल्या बाई सांगतात, 'बाकी हुशार आहे हो, फक्त घरी सराव घ्या.'

त्या सरावासाठी आता घरी येणाऱ्या ताई शोधतायत. काकूंकडे नंबर आहे म्हणे.