डोंगल भाटकारांस

भाटकारसाहेब,

मुक्काम जुन्या संगणकाची पाठ, पंचवीस पिनांचे पोर्ट. पत्ता बरोबर आहे ना? आपण तिथून हलत नाही, म्हणून विचारले.

मी डिचोली बाजारातला डीटीपीवाला, आपल्या जमिनीवर राहणारा आपला मुंडकार. कर्ज काढून ग्राफिक्ससाठी नवे मशीन घेतले. चौसष्ट बिटांचे, स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे. केवढेही पोस्टर फिरवा, अडखळत नाही. फक्त आपल्याला टेकायला त्यात जागा नाही. यूएसबीचा अडॅप्टर आणला. त्यावर जुना प्रिंटर मुकाट्याने चालू लागला, आपण नाही. आपल्याला वडिलोपार्जित पोर्टच हवे. त्यात आपला ड्रायव्हर बत्तीस बिटांचा. नव्या विंडोजने त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवला.

आपण माझ्या फॉन्टची किल्ली. आपण नाही म्हणजे फॉन्ट नाही, आणि फॉन्ट नाही म्हणजे माझ्या दुकानातली वीस वर्षांची मराठी नाही. काल पेडण्याहून मंडळाचे सेक्रेटरी आले. जत्रेतल्या नाटकाचे गेल्या वर्षीचेच हँडबिल, फक्त तारीख बदलायची. फाइल उघडली, तर ‘श्री भगवती प्रसन्न’च्या जागी इंग्रजी कॅपिटल, दोन डॉलर आणि एक कंस. सेक्रेटरी चष्मा पुसून म्हणाले, "हे कोणाचे नाटक?"

आपलेच. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, हे त्यांना कसे सांगू? इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत आपण मराठी आकार भाडेकरू म्हणून ठेवलेत. आपण उठलात आणि भाडेकरू रस्त्यावर आले. युनिकोडने देवनागरीला १९९१ सालीच स्वतःची घरे दिली होती. तिकडे वेळेवर बिऱ्हाड हलवले नाही, हा दोष माझा. बोटांना आपल्या कीबोर्डची सवय, दुसरे काय.

मग कन्व्हर्टर चालवला. ‘पेडणे’ सुखरूप पोचले. ‘डिचोली’ची वेलांटी मात्र वाटेत सुटली. जुन्या फाइलीत ती ‘ड’च्या आधी बसते, युनिकोडमध्ये नंतर यावी लागते, ती जाऊन बसली ठिपक्यांच्या वर्तुळावर. रफार एक घर पुढे सरकला आणि ‘कीर्तन’चे ‘कीतर्न’ झाले. बुवा वाचतील तर टाळ फेकून मारतील.

मुंडकाराला घरातून हाकलू नये म्हणून गोव्यात १९७५ साली कायदा झाला. अक्षरांना तो लागू नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक असणार.

शेवटी हँडबिल जुन्याच मशीनवर काढून दिले. लाखाचे नवे मशीन शेजारी बसून पंख्याची घरघर ऐकत होते. परवाच भाच्याने झाडताना आपल्याला निकामी प्लग समजून उपटले होते. तासभर रद्दी उपसली तेव्हा सापडलात. आता मशीनवर चिठ्ठी लावली आहे, ‘हात लावू नये’.

ती हातानेच लिहिली.

आपला,
मुंडकार