शिरढोणची पोपटी

पोपटीला किती माणसं येणार हे मडकं भरेपर्यंत कळत नाही, हा रायगडचा जुना नियम आहे. आमच्या पोपटीत त्यावर कडी अशी की आलेल्यांची खरी नावंही कळत नाहीत. यादीत तीन राहुल होते. त्यातल्या एकाचंही बारसं त्या नावानं झालं नसावं, असा माझा दाट संशय आहे.

आम्ही म्हणजे पनवेल, कामोठे, खारघर, पेण या पट्ट्यातले समलिंगी पुरुष, दोन-चार मैत्रिणी आपापल्या जोडीदारणींसह, एक ट्रान्स ताई आणि ‘माझं अजून ठरत नाहीये’ म्हणत दरवेळी दोनदा वाढून घेणारा एक इंजिनियर. फोनवर आमच्या ग्रुपला ट्रेकिंग ग्रुपचं नाव आहे. बहुतेकांनी कर्नाळ्याचा सुळका फक्त मुंबई-गोवा हायवेवरून, गाडीत बसून पाहिलाय. वर्गणी फोनवरून पाठवताना शेऱ्यात जो तो ‘ऑफिस डिनर’ लिहितो. बँकेच्या हिशेबानं आमच्याइतकं जेवणारं ऑफिस पंचक्रोशीत नसेल.

मुंबईत काय, सगळंच आहे. अशोक राव कवींनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ काढलं, १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला, वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत आपल्यासारख्यांना बसायला हक्काची जागा झाली. पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला आणि २०११ साली तिथेही पदयात्रा निघाली. हे सगळं थोरच. पण पनवेलच्या माणसाची मुक्ती हार्बर लाइनच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. गप्पा रंगात आल्या, समोरचा जरा हसून बघायला लागला, की आमचं लक्ष घड्याळाकडे. शिवाय पदयात्रा वर्षातून एकदा. बाकीच्या शनिवारी माणसानं जायचं कुठे?

म्हणून शिरढोण. एका सभासदाच्या मामाची तिथे वाडी आहे. ‘कसला ग्रुप?’ असं मामांनी विचारलं, ‘मित्रमंडळ’ असं उत्तर मिळालं, आणि मंडळ म्हटल्यावर मराठी माणूस पुढचं विचारत नाही.

आणि खरोखर मंडळच ते! सहा सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ मधून आमची सुटका केली, तेव्हा ग्रुपवर सगळे एका सुरात रडले. तो बहुधा शेवटचा एक सूर. त्यानंतर शाकाहारी मडकं वेगळं असावं का, ते पेटवायच्या काटक्या वेगळ्या असाव्यात का, आणि अंडं शाकाहारी मडक्यात चालेल का, यावर दोन गट पडले ते पडलेच. खजिनदाराला हटवायचे प्रयत्न झाले. एका जोडप्यानं राजीनामा दिला आणि पोपटीच्या आदल्या दिवशी मागे घेतला. जगानं आम्हाला वेगळं म्हणून कितीही हिणवलं असो, आमची वार्षिक सभा ऐकली असती तर कुठल्याही गणेशोत्सव मंडळाला घरच्यासारखं वाटलं असतं.

वाडीवर जाण्याआधी गावातल्या वासुदेव बळवंतांच्या वाड्यापाशी थांबायची आमची पद्धत आहे. फडक्यांचा जन्म इथलाच, १८४५ चा. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले आणि पुन्हा पकडले गेले, हे मी नव्या मंडळींना सांगत होतो. मागून एक राहुल म्हणाला, “दार उखडलं? मला नुसती आतली कडी काढायला पस्तीस वर्षं लागली.” एरवी अशा ठिकाणी हसू नये, पण हसलो.

मडकं मात्र मामाच भरतात. तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला असा ठासून की उपडं केलं तरी दाणा हलू नये. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवतात. साधारण अर्ध्या तासानं मामा वर पाणी शिंपडतात. चर्र झालं की झालं. एका राहुलनं पाला कोंबायला हात लावला, तर मामांनी तो सगळा उपसून पुन्हा भरला. आमच्याबद्दल त्यांची नोंदवलेली हरकत आजवर एवढीच.

यंदा एकाची आई आली होती. काकूंना मुलानं सांगितलं तेव्हा त्या आठवडाभर बोलल्या नव्हत्या. मग कुणीतरी त्यांना चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’च्या प्रयोगाला नेलं. मोना आंबेगावकर त्यात एकट्या आई होऊन उभ्या राहतात. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, “बरं. मग तुझ्यासाठी मुलगा कोण बघणार?” न्यायालयानं २०२३ मध्ये अशा लग्नांना मान्यता द्यायचं नाकारलं, हे मुलानं समजावलं. “लग्नाचं नंतर बघू, आधी मुलगा तर बघू,” काकू म्हणाल्या आणि शिरढोणला आल्या.

शेकोटीभोवती त्यांनी चौकशी आरंभली. नाव? राहुल. आडनाव? इथे मोठी पंचाईत झाली. आमच्यात आडनाव कुणी सांगत नाही, त्यामुळे मूळ गाव कोणतं, तिथले अमुक तुमचे कोण, ही वरसंशोधनाची सगळी यंत्रणाच बंद पडली. जात काढायचा मार्गच उरला नाही म्हटल्यावर काकूंनी निरुपायानं मुलांशी नुसत्या गप्पा मारल्या. त्यांना एकदम चौघं पसंत पडले. ठरत नसलेल्या इंजिनियरचाही त्यांनी नंबर घेतला.

निघताना त्यांनी ट्रान्स ताईला रथसप्तमीच्या आत हळदीकुंकवाला यायचं आमंत्रण दिलं. ताईला आयुष्यात असं आमंत्रण पहिल्यांदा आलं. तिनं साडी कोणती नेसू हे लगेच ग्रुपवर विचारलं, आणि तिथून पेटलंच. आम्हाला का नाही, असं पुरुष सभासदांचं म्हणणं. काकूंनी सगळ्यांना बोलावलं. आता वाण काय द्यायचं आणि त्याचा खर्च वर्गणीतून करावा का, यावर रोज रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालते. स्टीलचे डबे आघाडीवर आहेत. खजिनदाराचा प्लॅस्टिकचा आग्रह आहे.